वेचलेला आवाज

आमच्या काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे. नवरात्रात कुणीही आलं की चपला काढेपर्यंत काका दारात उभे राहून म्हणणार, "या, या. आमचा गोलू जरा एक्लेक्टिक आहे." आलेल्या बायका हळहळून माना डोलावतात. त्यांना वाटतं गोलूला काहीतरी आजार झालाय.

तुमच्याकडे घट बसतात, आमच्याकडे तंजावुरात बाहुल्या बसतात. पायऱ्या मांडायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं आणि घरातल्या सगळ्या बाहुल्या नवरात्रभर मांडून ठेवायच्या, तोच गोलू. संध्याकाळी बायका-पोरं बघायला येतात, एखादं गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, खातात आणि पुढच्या घरी जातात. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आम्हा मराठी घरांतही हेच. काकांच्या घरी सगळ्यात वरची पायरी म्हणजे वॉशिंग मशीन. मशीनवर देव बसले की काकू कपडे हातानं धुते आणि देवांना ऐकू जाईल अशा बेतानं कुरकुरते.

पायऱ्यांवर काय नाही ते विचारा. मरपाची, म्हणजे लाल लाकडाचं जुनं नवरा-बायकोचं जोडपं, काकूच्या लग्नात आलेलं. घोड्यावरचे महाराज. वेळांकण्णीहून आणलेली मेरी माता. नागूरच्या दर्ग्याचा प्लास्टिकचा मिनार. नऊवारीतली नवरी. क्रिकेटची टीम, त्यातले काही खेळाडू फुटले म्हणून स्लिपला हनुमान. एक डायनासोर आहे, तो घरात कुणी आणला हे आजवर कुणी कबूल केलेलं नाही.

"भंगार म्हणा की सरळ," काकू म्हणते.

काका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आता रिटायर झालेत, म्हणजे आता घरी शिकवतात. "भंगार नव्हे गे. ग्रीकांचा शब्द आहे. वेचून घेणं, असा मूळ अर्थ. कुठल्याही एका गुरूच्या दारात न बसता, ज्याचं जे बरं वाटलं ते उचलून आपलं करणारे लोक होते, त्यांना तसं म्हणायचे."

"तांदळातले खडे वेचतात तसं?"

"उलटं. खड्यांतून तांदूळ."

बसस्टँडजवळ नवीन हॉटेल निघालं, त्याच्या बोर्डावर हा शब्द होता. काका मोठ्या आशेनं आत गेले आणि मेनू वाचून बाहेर आले. "पनीर डोसा, नूडल डोसा, शेझवान पोंगल. हे एक्लेक्टिक नव्हे, हे एकात एक ओतलेलं. निवडलं कुठे? निवडायचं म्हटलं तर निवडणारा कोणीतरी लागतो."

"मालक आहे की," मी म्हटलं.

"मालक वेगळा, निवडणारा वेगळा."

हे वाक्य मी तिथेच खिशात घातलं. काकांची नक्कल करताना शेवटी तेच टाकतो, टाळ्या पडतात.

नकला हा माझा धंदा. तसा दिवसा मी दुचाकीच्या शोरूममध्ये माईकवर एक्स्चेंज ऑफर ओरडतो, पण खरा धंदा संध्याकाळचा, लग्नांत आणि कॉलेजांत. माझी पद्धत अशी की अख्खा माणूस उचलायचा नाही. अख्खा माणूस उचलला की तो ओळखतो आणि मारायला येतो. पापनाशमच्या बसमधल्या कंडक्टरचा खोकला घ्यायचा, देवळाच्या माईकवाल्याचं "हॅलो चेक" घ्यायचं, गल्लीतल्या कॉफीवाल्याचा राग घ्यायचा आणि एक नवाच माणूस उभा करायचा. मग तिघंही हसतात, दुसऱ्या दोघांना ओळखून.

गोलूच्या बाहुल्यांना आवाज देणं हे घरातलं माझं काम. पोलीसबाहुला काकांच्या घरमालकाच्या आवाजात भाडं मागतो. डायनासोर म्हणजे शोरूमचा मॅनेजर. फक्त एका बाहुलीला आवाज नव्हता. ती डोलणारी राणी. तंजावूरची डोलणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल: बूड गोल आणि जड, ढकललं की आडवी होते, सोडलं की परत उभी. तिच्याबरोबरचा राजा कधीच फुटला. राणीच्या एका गालावरचा रंग गेलाय. मी दर वर्षी तिच्याकडे हात नेला की काका म्हणायचे, "तिला राहू दे." का, ते सांगायचे नाहीत.

यंदा गोलूला खालच्या घरमालकाची नात आली. शाळेत नुकती जायला लागलेली, नाक कायम वाहतं. तिनं सगळ्या बाहुल्यांशी भांडून घेतलं आणि राणीकडे बोट करून तमिळमध्ये विचारलं, "ही का बोलत नाही?"

काका दारात पाहुण्यांशी बोलत होते. मी राणीला टिचकी मारली आणि काही न ठरवता मराठीतच बोललो, "कोण गे ती? हळू ढकल. डोकं फिरतं माझं."

माझ्या तोंडून जे निघालं ते मलाच नवीन होतं. किंचित घोगरा बाईचा आवाज. बोलण्याआधी आत ओढलेला छोटा श्वास, थंड पाणी पिऊन आल्यासारखा. आणि प्रत्येक वाक्य संपताना वर चढणारं, जणू अजून एक पायरी आहे. मुलगी खदखदून हसली.

दुसरं कुणीच हसलं नाही. काकू डाव हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही, माझ्या डोक्यावरून दाराकडे बघत म्हणाली, "कोण आलं?"

दारात नवीन कुणीच नव्हतं, काका आणि तेच पाहुणे. ते आत आले आणि सोफ्यावर बसले, एका पाहुण्या बाईंच्या पर्सवर. त्या बाई संकोचून पर्सशिवाय जायला निघाल्या.

सगळे गेल्यावर काका म्हणाले, "पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

मी तेच बोललो. काकांनी डोळे मिटले. राणी हलत होती, मी हात लावला नव्हता. पंख्याचा वारा, दुसरं काय.

आतल्या खोलीत एक फोटो आहे, दोन वेण्यांची मुलगी, चेहरा उन्हानं आक्रसलेला. ती काकांची धाकटी बहीण. माझी आत्याच, पण कॉलेजात असतानाच तापात गेली, माझ्या जन्माच्या खूप आधी. हे मला माहीत होतं. राणी तिची आहे, मोठ्या देवळाबाहेरच्या दुकानातून हट्टानं घेतलेली, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

"तिचं बोलणं सगळं आठवतं मला," काका म्हणाले. "कधी काय म्हणाली, कुणाला काय नाव ठेवलं, सगळं. पण आठवतं ते माझ्याच आवाजात. तिचा आवाज गेला. त्या काळी आमच्याकडे कुठला टेप आणि कुठलं काय. गेला तो कधी गेला तेसुद्धा कळलं नाही. एक दिवस शोधला तर नव्हता." मग माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "तू कुठून आणलास?"

मला खरंच माहीत नव्हतं.

काका मास्तर माणूस. त्यांनी मला समोर बसवून आवाजाचे तुकडे करायला लावले. घोगरेपणा कुठला? आठवून आठवून सापडला: कोपऱ्यावर मोगरा विकणारी म्हातारी, तिचा. वाक्य वर चढवणं? पापनाशमच्या मोठ्या आत्याचं, काकांच्या थोरल्या बहिणीचं. "गे" म्हणताना जरा रेंगाळायचं ते तर खुद्द काकांचं. आणि तो आधीचा श्वास माझ्या आईचा.

घरी जाऊन मी आईसमोर तो आवाज काढला. आई बीन्स चिरत होती. तिची सुरी थांबली नाही. आई आणि ती आत्या शाळेत एकाच बाकावर बसायच्या, त्या ओळखीतूनच पुढे आई या घरात सून म्हणून आली.

"तो श्वास तिचाच," आई म्हणाली. "मी तिच्याकडून उचलला. मुलींचं तसंच असतं, एकीचं बघून दुसरी." बीन्सचे तुकडे एकसारखे पडत होते. "माझ्याजवळ तिचं तेवढंच राहिलं होतं. तेही उचललंस का रे?"

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. फुलवाली म्हातारीसुद्धा तिचीच निघाली. काकांनी सांगितलं, म्हातारी तरुण असताना आत्या रोज तिच्याकडे फुलं घ्यायची आणि तिच्या ओरडण्याच्या नकला करायची, इतक्या की शेवटी दोघींत मूळ घसा कुणाचा ते गल्लीलाच कळेनासं झालं. म्हणजे आमच्या घरातली पहिली मिमिक्री आर्टिस्ट मी नव्हे.

काकांनी बोटांवर मोजलं, फुलवाली, थोरली, आई, ते स्वतः. मग म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी तिच्यातलं एकेक वेचून ठेवलं, न कळत. आणि तू आमच्यातून नेमकं तेवढंच वेचलंस. आईचं हसणं का नाही घेतलंस? थोरलीचा बोबडा र का नाही? फुलवालीच्या शिव्या का नाही?"

"माहीत नाही, काका."

"मग निवडलं कोणी?"

माझ्या टाळ्यांच्या वाक्यातलाच निवडणारा होता तो. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं, खाली रिक्षावाला तमिळमध्ये कुणाला तरी शिव्या देत होता, भीती वाटायला काही जागाच नव्हती. तरी मी राणीकडे पाठ करून बसलो नाही.

त्यानंतर रोज. पाहुणे यायच्या आधी, चारच्या कॉफीच्या वेळी, काका मला शोरूममधून बोलावून घेत. मी बोलायचो, ते सांगायचे: थोडं बारीक. घाई नको. हां. कधी कधी ते तिच्याशी बोलायला लागत आणि मला उत्तरं द्यावी लागत. काय द्यायची ते मी जुळवायचो, आमच्या घरात बोलायला विषय तीनच: जेवण, डास, घरमालक. एकदा असंच बोलता बोलता राणी म्हणाली, "दादा, खिडकी लाव."

काका उठले, खिडकी लावली आणि तिथेच उभे राहिले. आमच्या गल्लीत मोठ्या भावाला अण्णा म्हणतात. मराठी घरांतही अण्णाच. दादा कुणी म्हणत नाही.

"ती एकटीच दादा म्हणायची," काका खिडकीकडे तोंड करून म्हणाले. "कुठल्याशा मराठी गोष्टीच्या पुस्तकात वाचलं होतं म्हणून. तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही. खिडकीचं कळतं, आई रोज तिन्हीसांजेला तेच ओरडते. दादा मी फोनवरच्या पुण्याच्या व्हिडिओंतून उचलला असणार. असणारच. मी स्वतःला हे कारण दिलं आणि ते मला पटलं, फक्त रस्त्यात गाडी चालवताना परत परत द्यावं लागलं.

मग शोरूममध्ये झालं. मी माईकवर "जुनी गाडी द्या, नवी घेऊन जा" असं माझ्या मॅनेजरला आवडतं तसं ओरडत होतो आणि मध्येच, मी काही न करता, तो छोटा श्वास आला. पुढची दोन वाक्यं तिच्या आवाजात गेली, डाउन पेमेंटसकट. हेल्मेट बघणारी एक बाई वळून इकडेतिकडे बघायला लागली. मॅनेजर म्हणाला, "लेडीज व्हॉइस बरा आहे, चालू ठेव." मी माईक बंद केला. घशावर हात ठेवला. घसा माझाच होता, पण भाड्यानं दिल्यासारखा.

त्या दिवशी काकूनं मला जिन्यात गाठलं. तिच्या हातात ओलं धोतर होतं, ती ते पिळतच राहिली.

"तुझ्या काकांना माझा आवाज ऐकू येईना झालाय, कण्णा." कण्णा म्हणजे बाळा; हळवी झाली की काकू तमिळमध्ये जाते.

"कान तपासा त्यांचे."

"चेष्टा नको करू. मी जेवायला हाक मारते, ते हलत नाहीत. काल दोनदा ताट झाकून ठेवलं. मला उत्तर देतात तेसुद्धा त्या गोलूकडे बघून. तू नसताना तिथं बसून असतात, राणी बोलेल म्हणून." तिनं खाली बघितलं. "इतकी वर्षं मी त्या फोटोला फुलं वाहिली. मी काही तिच्यावर जळत नाही. पण मला माझा माणूस पाहिजे. विजयादशमीला तिलाच झोपव."

हे समजण्यासाठी एक सांगायला हवं. गोलू असाच उचलत नाहीत. विजयादशमीच्या संध्याकाळी, आरती झाली की एका बाहुलीला आडवं करून झोपवायचं. एक झोपली म्हणजे अख्खा गोलू झोपला. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जुन्या कपड्यांत गुंडाळून पेटीत. आमच्याकडे झोपायचा मान मरपाचीतल्या नवऱ्याचा. काकू म्हणते, घरातला तो एकच पुरुष सांगितल्यावर झोपतो.

विजयादशमीला आई आली होती, मी होतो, खालची ती नाक वाहणारी मुलगी सुंडलाच्या आशेनं बसली होती. आरती झाली. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा राणीला झोपवू या."

काकांनी एकदा राणीकडे पाहिलं. मग तमिळमध्ये "सरि", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि स्वतः उठले. दोन्ही हातांनी राणीला उचललं, धोतराच्या घडीवर आडवी ठेवली आणि हात काढला.

राणी उभी राहिली.

आमच्यातल्या कुणालाही, तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसरांसकट, हे सुचलं नव्हतं. जन्म तंजावुरात गेला आणि डोलणारी बाहुली झोपत नाही हे आमच्या डोक्यात आलं नाही. मुलगी हसली, मग आम्हीही हसलो. काकांनी परत ठेवली. परत उभी, आणि मान डोलवत राहिली, नाही, नाही, नाही. काकूनं तिला सुंडलाच्या डब्याचा टेकू दिला. डबा सरकला, हरभरे सांडले, राणी उभी. आता कुणी हसत नव्हतं. पंखा बंद होता, आरतीसाठी मीच बंद केला होता, आणि ती खूप वेळ हलत राहिली. जड बुडाच्या बाहुल्या हलतातच वेळ. तरी.

"तिला झोपायचं नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तिला विचार."

काकू माझ्याकडे बघत होती. आई माझ्याकडे बघत होती. मला कळलं की आता मी जे बोलेन त्यावर ठरणार, काका त्या गोलूसमोरून उठतात की नाही. आणि पहिल्यांदाच तो श्वास आपोआप आला नाही. मी मुद्दाम घेतला. शब्द मुद्दाम शोधले, गोड शोधले, सगळ्यांना बरं वाटेल असे.

"दादा," मी तिच्या आवाजात म्हणालो, "मी उभीच झोपते. तू दिवा घालव."

खोलीत काही हललं नाही. राणीसुद्धा थांबली होती.

"नाही," काका म्हणाले. "हे ती म्हणाली नसती."

"म्हणजे?"

"हे तू म्हणालास. इतकं गोड ती कधी बोलली नाही. ती म्हणाली असती..." ते थांबले. मान कलती केली, बाजूच्या खोलीतून कुणी काही सांगतंय ते नीट ऐकावं तशी. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कुठल्याही नकलेत आणू शकलो नाही. "ती म्हणाली असती, 'तूच झोप, मला कशाला झोपवतोस?'"

ते त्यांनी त्यांच्याच आवाजात म्हटलं. पण ऐकत होते ते दुसरं.

"ऐकू येतंय?" काकूनं विचारलं.

"येतंय."

काकूनं सांडलेले हरभरे डब्यात भरले. मग नेहमीसारखी, जराही गोड न होता म्हणाली, "मग जेवायला या."

आणि काका आले. ताटावर बसून त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला, रसम पातळ झालंय म्हणून तक्रारसुद्धा केली. काकू म्हणाली, "पातळच असतं रसम," आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मरपाचीतल्या नवऱ्याला आम्ही नेहमीसारखं झोपवलं. तो लगेच झोपला. राणीला दुसऱ्या दिवशी काकांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून, पेटीत आडवी राहीना म्हणून बादलीत ठेवलं, उभी.

आता मला तो आवाज येत नाही. करून पाहिलाय. फुलवाली येते, आई येते, पापनाशमची आत्या येते, पण वेगवेगळ्या, खड्यांसारख्या. त्यांचा तांदूळ होत नाही. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं," आणि पेपर वाचायला लागले.

पण परवा तिन्हीसांजेला मी त्यांच्याकडे कॉफी पीत बसलो होतो. खाली अंगणात ती घरमालकाची नात आपल्या आईला हाक मारत होती, तमिळमध्ये, डास येतायत म्हणून. आधी एक छोटा श्वास, थंड पाणी प्यायल्यासारखा. मग घोगरा आवाज. आणि वाक्य संपताना वर चढलं.

काकूचा कप बशीवर वाजला. मी काकांकडे बघितलं. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा त्यावर ठेवला आणि उठून आमची खिडकी लावली.